फोनवरच्या बाई क्लार्क कशा काय?

मागच्या वर्षी सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत आमच्याकडे आले होते, आणि एका सकाळी सव्वासहाच्या सुमारास बाबा चहा गाळता गाळता किचनमध्येच कोसळले. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, घरात फक्त मी आणि आई. ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, लावला तर पलीकडून पहिला प्रश्न काय, तर पत्ता सांगा. मला रागच आला, इथे माणूस पडलाय आणि ह्या बाई पत्ता काय विचारतायत! नंतर कळलं की ते मुद्दामच असतं, मध्येच फोन कट झाला तरी गाडी कुठे पाठवायची ते हातात पाहिजे, आणि मोबाईलचं लोकेशन दरवेळी घराच्या दारापर्यंत अचूक येतंच असं नाही.

मग विचारलं, शुद्धीवर आहेत का? नाही. श्वास नेहमीसारखा चालू आहे का? मी म्हटलं हो, कारण घोरल्यासारखा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, प्रत्येक श्वासाला मला 'आत्ता' म्हणा. मी एकदा 'आत्ता' म्हटलं आणि मग पुढचा 'आत्ता' काही येईचना. तेवढ्यावरून त्यांना कळायचं ते कळलं. हृदय बंद पडल्यावर काही वेळ असे आचके येतात म्हणे, घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे आणि कोणी छाती दाबायलाच घेत नाही. आणि छाती न दाबता जाणाऱ्या दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते.

"फोन स्पीकरवर टाका. त्यांना जमिनीवर उताणं करा. छातीच्या मधोमध हात ठेवा, दुसरा हात त्याच्यावर, आणि जोरात दाबा. मोठ्याने मोजा, मला ऐकू येऊ दे."

मी मोजायला लागले ते मराठीत, दुसरं काही सुचलंच नाही. वीसपर्यंत बरं चाललं होतं, पण सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस असं म्हणायला लागल्यावर जीभ अडखळायला लागली आणि जिभेबरोबर हातही मंदावले. मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या त्या बाईंनी तो ठेका ढिला पडलेला बरोब्बर पकडला. "चारपर्यंतच मोजा, परत एकपासून" म्हणाल्या आणि स्वतःच माझ्याबरोबर मोजायला लागल्या, त्या त्यांच्या वन टू थ्री फोर, मी माझं एक दोन तीन चार. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि दोन इंच खोल दाबायचं असतं, हे मला आज माहितीये, तेव्हा फक्त तो आवाज होता. मध्येच म्हणाल्या, घरात अजून कोण आहे, त्यांना दार उघडून ठेवायला सांगा, अंगणातला दिवा लावायला सांगा. आई थरथरत गेल्या. मी म्हटलं माझ्याच्याने होत नाहीये आता. "होतंय. मला ऐकू येतंय, होतंय."

फायर ब्रिगेडची माणसं आत आली, एकाने मला खांद्याला धरून बाजूला केलं, फोनमधून आवाज आला "आले का ते?", मी हो म्हटलं, कट.

बाबा वाचले. आता रोज सकाळी व्हॉट्सअपवर सुविचार पाठवून आम्हाला छळतात. बरे झाल्यावर आम्ही फायर स्टेशनला जाऊन आलो, खाऊचा डबा दिला, फोटो काढले, बाबा त्या उंच पोरांच्या मध्ये छाती काढून उभे. त्या बाईंची आठवण कोणालाच झाली नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

आठवण झाली ती नंतर याच विषयावर वाचताना. अमेरिकेत सरकार सगळ्या नोकऱ्यांचं आकडेवारीसाठी वर्गीकरण करतं, त्यात ९११ चे कॉल घेणारे 'ऑफिस आणि प्रशासकीय साहाय्य' या गटात आहेत. म्हणजे क्लार्क, टायपिस्ट यांच्या पंगतीत. पोलीस आणि फायरवाले 'संरक्षण सेवा' गटात, ते ठीकच आहे, पण त्याच गटात चुकीच्या पार्किंगचं तिकीट फाडणारेही आहेत आणि स्विमिंग पूलवरचे लाईफगार्डही! लाईफगार्डचं समजू शकते, पण पार्किंगवाले?

२०१८ च्या वर्गीकरणाआधी बदलाची मागणी झाली होती, ती फेटाळताना दिलेलं एक कारण वाचून तर मी फोन बाजूलाच ठेवला. बहुतेक डिस्पॅचरना, म्हणजे हे कॉल घेऊन मदत पाठवणाऱ्यांना, प्रत्यक्ष उपचार करायची किंवा फोनवरून कोणाकडून काही करवून घ्यायचीसुद्धा मुभा नसते, असं होतं ते. अहो, मग माझ्या किचनमध्ये काय चाललं होतं? सिएटलकडच्या किंग काउंटीत तर १९८० च्या दशकापासून फोनवरून सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणंच, शिकवतायत.

नॉर्मा टोरेस नावाच्या खासदार आहेत, त्या स्वतः लॉस एंजेलिसमध्ये १७ वर्षं ९११ च्या डिस्पॅचर होत्या. हे वर्गीकरण बदलायचं बिल त्यांनी २०१९ मध्ये आणलं, नंतर पुन्हा पुन्हा आणलं. टेक्सासने २०१९ मध्येच आपल्या राज्यापुरतं डिस्पॅचरना पोलीस-फायरवाल्यांसारखं 'फर्स्ट रिस्पॉन्डर', म्हणजे संकटात पहिले मदतीला येणारे, असं म्हणून टाकलं. केंद्राचं वर्गीकरण बदललं म्हणून कोणाचा पगार लगेच वाढणार नाही हे मला कळतं, ती आकडेवारीच आहे शेवटी. पण कामामुळे मनावर झालेल्या आघातासाठी उपचार किंवा भरपाई मागायला गेलं की 'तुमचं तर डेस्कचं काम' हे ऐकून घ्यावं लागतं, त्याचं मूळ अशा कागदांतच असतं.

आघात होतो का, तर होतो. २०१२ साली २४ राज्यांतल्या १७१ डिस्पॅचरचा एक अभ्यास झाला होता, त्यात घटनास्थळी पाऊल न टाकताही पीटीएसडीची, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराची, लक्षणं दिसली. काही फायरवाले म्हणतात की आम्ही आगीत शिरतो, ते खुर्चीत बसतात, दोघांना फर्स्ट रिस्पॉन्डर हे एकच नाव कसं? आगीत शिरणं वेगळंच आहे, मान्य. पण आत शिरलेल्या माणसाला पुढे काय झालं ते तरी दिसतं. ह्यांना दिसत काहीच नाही, फक्त कानात येतं, आणि शेवट व्हायच्या आत लाईन कट, लगेच पुढचा कॉल.

९११ चा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला, उद्घाटनाचा होता, आणि तो पोलीस स्टेशनात उचलला खासदार टॉम बेव्हिल यांनी. त्यांचं नाव अजून सगळीकडे छापून येतं. माझा कॉल कोणी उचलला ते मात्र मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात पत्र लिहिलं. बाबा आता जिने चढतात, सुविचार पाठवतात, एवढंच. पाकिटावर तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'सकाळी सव्वासहाला माझ्याबरोबर चारपर्यंत मोजणाऱ्या बाईंना.'