सरोवराकाठच्या गोट्यांमधले जीवाश्म ओळखताना

दगड हातात आला की मी आधी तो पाण्यात बुडवतो. कोरड्या चुनखडीवरची नक्षी राखाडी रंगात हरवून जाते, ओली झाली की उठून दिसते. मग तिरपा उजेड आणि दहापट भिंग. भिंग डोळ्याला लावायचं आणि दगड जवळ आणायचा.

शोधायची असते ती पुन्हा पुन्हा येणारी आकृती. भेगा वाट्टेल तशा फुटतात. सजीवाचं अंग ठरावीक मापाने वाढतं. झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी मात्र हमखास फसवते. ती बहुतेक वेळा मँगनीजच्या ऑक्साइडची असते, वनस्पतीची नव्हे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचा पेटोस्की दगड म्हणजे डेव्होनियन काळातलं (साधारण 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीचं) हेक्झागोनारिया प्रवाळ. त्याची घरं, म्हणजे एकेका प्रवाळ-जीवाच्या खोल्या, साधारण षटकोनी, मधे गडद ठिपका, आणि ठिपक्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा. तिथेच सापडणाऱ्या फॅव्होसाइटीस या दुसऱ्या प्रवाळाची घरं मोहरीएवढी असतात, त्यांत या रेषा दिसत नाहीत. फरक रेषांवरून करावा, रंगावरून कधीच नाही. दगड सगळ्या बाजूंनी फिरवून पाहणंही गरजेचं, कारण फॅव्होसाइटीस वरून मधाच्या पोळ्यासारखं दिसतं आणि बाजूने आडवे पडदे असलेल्या नळ्यांसारखं. एकाच दगडाची दोन नावं पडतात ती इथेच.

मधे भोक असलेल्या छोट्या चकत्या क्रिनॉइडच्या, म्हणजे देठावर उभ्या राहणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, देठाच्या. शिंपल्यासारखं काही असेल तर एकाच झडपेवर (कवचाच्या एका अर्ध्यावर) मधोमध रेघ कल्पावी: दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर बहुधा ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला समुद्री प्राणी), झडप एका अंगाला कललेली असेल तर शिंपला.

शंका उरली तर नक्षी नसलेल्या कोपऱ्यावर चाकूने थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकतो. बुडबुडे आले की बहुधा चुनखडी. अख्खा दगड व्हिनेगरमध्ये टाकू नये, बारीक पडदेच आधी झिजतात. चाकूचा ओरखडा उठत नसेल आणि बुडबुडेही नसतील, तर प्रवाळाची जागा सिलिकाने (गारेच्या कठीण द्रव्याने) घेतलेली असू शकते. तेवढ्यावरून दगड फेकून देऊ नका.

उचलण्याआधी नियम पाहावेत. मिशिगनमध्ये राज्याच्या जमिनीवरून वर्षाला 25 पौंडांपर्यंतच दगड नेता येतात, स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या राष्ट्रीय किनाऱ्यावरून एकही नाही.

फोटो ओल्या दगडाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा. ठिकाण त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावं. हिमनद्यांनी हे गोटे दूरवरून वाहून आणलेले असू शकतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या खडकाचं वय गोट्याला लावायचं नाही.