तुम्ही विचारलंत म्हणून : मिरजेत उचलता येईल एवढंच

'काकू, तुम्ही सारखं पुणं-बेंगळूर करालाय, दमत न्हाई काय? आन् घर बंद करून जाताय कसं?'

लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत कुणी ना कुणी हे विचारतंच. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळूरला आणि मी बेळगावात, शहापुरातल्या जुन्या घरात. महिन्या-दीड महिन्यानं एक फेरी होतेच. आतापर्यंत 'सवय झालीय' एवढंच सांगून मी पुढं जायचे. पण परवा गल्लीतल्या एका सुनेनं फार मनापासून विचारलं. तिचे सासू-सासरे आता असेच एका मुलाकडून दुसऱ्याकडं जाणार आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं प्रवासाचं सगळं शिक्षण मिरजेच्या फलाटावर झालं. मी लहान असताना बेळगावहून पुण्याला सरळ गाडी नव्हती. पुणे-मिरज लाईन १९७१ साली ब्रॉडगेज झाली, पण मिरजेपासून बेळगाव-लोंढ्याकडची लाईन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. त्यामुळं मिरजेला छोट्या गाडीतून उतरायचं आणि सगळं सामान घेऊन मोठ्या गाडीत चढायचं. आम्ही तिघं भावंडं, वळकटी, ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या. आई आदल्या रात्री प्रत्येकाचं गाठोडं त्याच्याच हातात देऊन अंगणात दोन फेऱ्या मारायला लावायची. 'मिरजंत तुझं तू उचलणार असलास तर घे, न्हाईतर र्‍हाऊ दे.' हमाल मिळायचा, पण त्याच्या भरवशावर ती कधी बॅग भरत नसे. एका हातात सामान आणि दुसऱ्या हातात धाकट्याचा हात, असा तिचा हिशोब.

आता मिरजेला गाडी बदलावी लागत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस संध्याकाळी बेळगावातून निघते आणि सकाळी बेंगळूरला सोडते. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, बेंगळूर-बेळगाव ऑगस्ट २०२५ मध्ये. तरीही मी बॅग भरली की ती उचलून गच्चीपर्यंत जिना चढते आणि खाली येते. धाप लागली तर बॅग पुन्हा उघडते. एक हात मोकळा राहिलाच पाहिजे, कारण साठीनंतर तो कठडा धरायला लागतो. माझी बॅग सात किलोच्या पुढं जात नाही. सांबऱ्याहून कधी विमानानं जायची वेळ आली तरी हातातल्या सामानाला बहुतेक ठिकाणी तेवढंच चालतं, त्यामुळं वेगळा विचार करावा लागत नाही.

कपड्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. अंगावर एक, बॅगेत दोन आणि दोन्ही मुलांच्या घरी दोन-दोन जोड कायमचे ठेवलेले. पावसाळ्यात मात्र प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, बॅगेचं कापड बाहेरून कोरडं दिसलं तरी आत दमटपणा धरतं. जाड सुती साडी त्या दिवसांत घेऊच नये. ती रात्रीत वाळत नाही, आणि ओली साडी बॅगेत घालून आणली की घरी येईपर्यंत कुबट वास धरते.

औषधांचं मात्र नीट ऐका, कारण ते मी त्रास सोसून शिकलेय. ऑगस्ट २०१९ मध्ये मी चार दिवसांसाठी पुण्याला गेले आणि बीपीच्या गोळ्या मोजून पाचच घेतल्या. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद झाला. पाचव्या दिवशी गोळ्या संपल्या. चिठ्ठी बेळगावात, कपाटाच्या खणात. डॉक्टरांना फोन करून नाव विचारेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच रस्ता तसाच बंद झाला. आणि आपल्या भागात रस्ता फक्त पुरानंच बंद होतो असं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसट्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हे बाजूला ठेवा. निपाणीच्या स्टँडवर बसलेल्या म्हातारीला गोळी वेळेवर लागते, एवढं मला कळतं. म्हणून आठ दिवस जास्तीच्या गोळ्या, आणि त्या बॅगेत नाही तर खांद्याच्या पर्समध्ये. चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे आणि दोन्ही मुलांच्याही. गोळीचं रिकामं पाकीट मी टाकत नाही, एक जपून ठेवते. दुकानदाराला ते दाखवलं की बोलायला भाषाही लागत नाही.

तिकिटाबद्दल बायका हमखास विचारतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून तिकीट लागत नाही, कंडक्टर शून्याचं तिकीट देतो. पण ते राज्याच्या आतच. कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये बसून 'फ्री हाय न्हवं?' म्हणून वाद घालू नका, तो कंडक्टर काही करू शकत नाही. पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीतलंच. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी जणी निपाणीपर्यंत इकडच्या बसनं जातात आणि तिथून पुढं तिकडच्या एसटीनं. पैसे वाचतात हे खरं. पण निपाणीला उतरून पुन्हा चढायचं, म्हणजे आईची मिरज परत आलीच की. सामान हलकं असेल तरच हा मार्ग धरा. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

रात्रीच्या खाजगी बसनं येणार असाल तर तिकीट काढतानाच एक विचारा : बस गावात येणार, की हायवेवर सोडणार? एकदा पुण्याहून येताना मला पहाटे चार वाजता बायपासवर उतरवलं. पाऊस, अंधार, एकही रिक्षा नाही. ड्रायव्हरनं 'हेच बेळगाव' म्हणून गाडी पुढं काढली. लांब जाणाऱ्या बऱ्याच गाड्या गावात शिरत नाहीत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्या रात्री एका पेट्रोल पंपावरच्या मुलानं उजाडेपर्यंत बसायला खुर्ची दिली आणि स्वतःच्या डब्यातला चहा दिला. तेव्हापासून मी बसमध्ये चढल्यावर पुन्हा एकदा विचारते आणि ओळखीच्या रिक्षावाल्याला रात्रीच फोन करून ठेवते.

आता डबे. मुलांकडं जाताना बॅगेतलं निम्मं वजन डब्यांचंच असतं, आणि ते मी कमी करणार नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, मुलीला गोकाकचं करदंट म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, नातवाला कुंदा, आपला बेळगावचा दूध आटवून केलेला गोड पदार्थ. कडक भाकरी महिनाभर राहते, पण मोडते. म्हणून ती चपट्या डब्यात, वर-खाली जुनं सुती कापड घालून. कुंदा मात्र निघायच्या दिवशीच घ्यायचा, सगळ्यात वर ठेवायचा आणि पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात एसी नसलेल्या गाडीनं जाणार असाल तर कुंदा नेऊच नका, करदंट न्या. तेलाची लोणची स्टीलच्या डब्यात कधी नको. झाकण कितीही घट्ट असलं तरी तेल वाट काढतंच. बरणी, तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, मग झाकण, मग सगळं एका पिशवीत उभं.

आणि डबे परत आणायचे! पुण्याच्या स्वयंपाकघरात माझे अकरा डबे मी एकदा मोजले होते. आता जाताना एकात एक बसणारे तीनच नेते, आणि निघायच्या आदल्या रात्री ते घासून माझ्या बॅगेशेजारी ठेवलेले असतात. सून कधी रिकामे देत नाही. एकात चकली, एकात तिनं केलेला मसाला. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही माझ्या आईनं घालून दिलेली रीत तिनं न सांगता उचलली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घर बंद करण्याचं सांगते. आपल्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. एकदा घाईत मी मागच्या मोरीतला नळ उघडून पाहिला, पाणी नव्हतं, आणि तो तसाच उघडा ठेवून मी बेंगळूरला गेले. दोन दिवसांनी पाणी आलं. मोरी तुंबली होती, पाणी स्वयंपाकघरातून माजघरात आलं. शेजारच्या अक्कांना दाराखालून पाणी दिसलं, पण किल्ली त्यांच्याकडं नव्हती. यांनी जमवलेली जुनी पुस्तकं खालच्या फळीवर होती, ती गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता निघताना प्रत्येक नळाला हात लावून बघते आणि टाकीकडून घरात येणारा कॉक बंद करते. गॅसचा रेग्युलेटर, देवाजवळची निरांजन, मागची खिडकी. हे सगळं मोठ्यानं म्हणत जाते : 'मोरीचा नळ बंद केला. गॅस बंद केला.' तोंडानं म्हटलेलं कानाला आठवतं. मग निपाणी गेल्यावर 'बंद केला का नाही' म्हणून पोटात गोळा येत नाही.

किल्ली अक्कांकडं. त्या कानडी, मी मराठी, पण पंचवीस वर्षांत त्याची अडचण कधी आली नाही. त्यांच्या घरची किल्ली माझ्याकडं असते. मी पायऱ्या उतरताना 'येतो हां अक्का' म्हणते. आपल्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि 'जातो' नुसतं कुणी म्हणत नाही. त्या म्हणतात, 'होगि बर्रि.' जाऊन या. दोन्ही भाषांत निघतानाच परत येणं सांगायचं असतं.

तुम्ही दमत नाही का, असं विचारलंत. जाण्यानं मी दमत नाही. येण्यानं दमायचे. हे होते तेव्हा मी पहाटे रिक्षातून उतरायच्या आत आतला दिवा लागायचा, चहाचं आधण चढलेलं असायचं. ते गेल्यावर पहिल्यांदा पुण्याहून परत आले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच बसून राहिले. घरात दूध नव्हतं, पाणी शिळं होतं, आठ दिवस बंद राहिलेल्या घराचा वास होता. बॅग दारातच पडून होती, दोन दिवस.

त्यानंतर मी निघायच्या आधी येणारीची तयारी करायला लागले. जाताना बिछान्यावर धुतलेली चादर घालते आणि तिच्यावर जुनं लुगडं पसरते. आल्यावर लुगडं उचललं की झालं. एका डब्यात मोजून तांदूळ, मुगाची डाळ, मीठ, हळद, दोन सुक्या मिरच्या घालून तो डबा कुकरमध्येच ठेवते. नुसतं धुवायचं, पाणी घालायचं, शिट्ट्या करायच्या. चहा-साखर आणि दुधाची पावडर पुढ्यात. यायच्या आदल्या संध्याकाळी अक्कांना फोन करते. त्या खिडक्या तासभर उघडतात, प्यायच्या पाण्याची एक कळशी भरून ठेवतात आणि माजघरातला दिवा लावून जातात. दिवा लावायला मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच सुरू केलं.

आल्यावर बॅग खोलीत न्यायची नाही. स्लीपर गाडीच्या गादीत ढेकूण असू शकतात, आणि एकदा घरात शिरले की वर्षभर जात नाहीत. बॅग परसात उलटी करून झटकायची, उन्हात ठेवायची, कपडे न घातलेलेसुद्धा धुवायला टाकायचे. चहा प्यायला की त्याच दिवशी, झोपायच्या आत, दंतमंजन, साबण, कंगवा, गोळ्या असलेली छोटी पिशवी पुन्हा भरायची आणि रिकाम्या बॅगेत ठेवून द्यायची. गेल्या वर्षी मुलीला अचानक दवाखान्यात नेलं तेव्हा मी फोन आल्यापासून अर्ध्या तासात स्टेशनवर होते. कपडे घेतले तेवढेच.

बॅगेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय. गेल्या खेपेला काय नेलं आणि न वापरता परत आणलं, ते त्यावर लिहिते. सध्या त्यावर 'दुसरा स्वेटर' आणि 'जाड चप्पल' आहे.

सुनबाई, सासूबाईंना घेऊन एकदा घरी या. बॅग दाखवते, उचलून बघा म्हणावं त्यांना. पण शुक्रवारच्या आत या, शुक्रवारी संध्याकाळी मी बेंगळूरला निघालेय. तीन डबे घासून पालथे घातलेत, आणि अक्कांनी या खेपेला त्यांच्याकडच्या शेंगाचटणीचा एक वाढवलाय.