खोटं व्हाउचर आणि रानपिंगळा

रानपिंगळा हे छोटं घुबड ११३ वर्षांनी सापडलं, ही गोष्ट पक्षीवाली मंडळी चमत्कार म्हणून सांगतात. माझी हयात पतसंस्थांची दप्तरं तपासण्यात गेली. मला त्यात चमत्कार कमी आणि ऑडिट जास्त दिसतं.

१८७३ साली ह्यूमने (हो, काँग्रेसवालाच) या घुबडाचं पहिलं वर्णन छापलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने (म्हणजे पेंढा भरून जपलेले पक्षी) जेमतेम सात. शेवटचा खरा नमुना १८८४ चा, आपल्या खानदेशातला, डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवलेला. त्यानंतर एकच नोंद : १९१४, गुजरातेतलं मांडवी, ब्रिटिश फौजेतला पक्षी जमवणारा कर्नल माइनर्ट्झहेगन. एवढा बडा माणूस, त्याच्या सहीवर शंका कोण घेणार? सलीम अली आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ रिप्ले यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला होता, पण हाती काही लागलं नाही.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी कर्नलसाहेबांचे नमुने तपासायला घेतले. पक्षी सोलून आत कापूस भरायची प्रत्येकाची एक पद्धत असते, हस्ताक्षरासारखी. मांडवीच्या त्या घुबडाचा एक्स-रे काढला, तर आतलं भरण एकदा उसकटून पुन्हा भरलेलं, आणि जुन्या हाताच्या खुणा डेव्हिडसनच्या. म्हणजे ब्रिटिश म्युझियममधून खानदेशचा पक्षी उचलायचा, नव्याने शिवायचा आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधायची! आमच्याकडे जुन्या पावतीवर नवी तारीख टाकणारे सेक्रेटरी भेटायचे, पण त्यासाठी पक्षी उसवणारा कुणी भेटला नव्हता.

मांडवीची नोंद रद्द झाली आणि उरल्या त्या अस्सल जागा. बाई आणि त्यांचे पक्षीवाले साथीदार बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घालून आले, तिथे काही नाही. मग शहादा, सातपुड्याचा पायथा. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी हे महाशय भर उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेले! फोटो, व्हिडिओ, सगळा पुरावा तिथल्या तिथे गोळा केला. माझ्या मते, रात्री जंगलात बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्यांना हा कधीच मिळाला नसता. हा दिवसा हिंडणारा गडी.

पुण्यात वेताळ टेकडीवर दिसतो तो साधा पिंगळा. दर रविवारी कुणीतरी त्याचा फोटो "रानपिंगळा??" असं विचारत ग्रुपवर टाकतंच, म्हणून सांगतो, डोकं बघा. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. छातीवर गडद तपकिरी रंग, आणि पाय पिसांनी भरलेले, जाडजूड.

पुढे मेळघाटात, यावलच्या जंगलात आणि २०१४ मध्ये थेट तानशाच्या अभयारण्यातही तो मिळाला. मुंबईच्या उंबऱ्यावर!

यंदा थंडीत तोरणमाळला जायचं घाटतंय. शहाद्यापर्यंत एसटी, पुढे जीप. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे बरोबर असतील तर मी येणार नाही, एवढं मंडळींना आधीच बजावून ठेवलंय.