माणसाला मोकळीक, गाडीला शिक्के

ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांनी २००६ साली करार करून आपसातल्या हद्दी माणसांसाठी बऱ्याच सैल केल्या. करारानुसार पाहुण्याला चारही देशांत मिळून नव्वद दिवस राहता येतं. वाचायला छान वाटतं, पण गाडीला यातलं काहीच लागू नाही. बाईक तीच, रस्ताही तोच पॅन-अमेरिकन हायवे, तरी प्रत्येक हद्दीवर गाडीचा तात्पुरत्या प्रवेशाचा जुना परवाना रद्द करायचा आणि पूल ओलांडला की नवा काढायचा. त्यासाठी पासपोर्ट, लायसन्स आणि गाडीच्या मालकीच्या कागदाच्या झेरॉक्स. चासीवरचा सतरा अक्षरांचा नंबर वाकून कागदाशी पडताळायला कुणीतरी येणार. परवाना हातात पडला की आता त्याचीही झेरॉक्स आणा, शिवाय नुकताच शिक्का मारलेल्या पासपोर्टच्या पानाची. ती आधीपासून जवळ असणं शक्यच नाही. हा प्रकार मला शेवटपर्यंत पटला नाही, अजूनही पटत नाही.

मेक्सिकोतून खाली पनामापर्यंतचा प्रवास: नवरा आणि मी, दोघांच्या दोन बाईक, दोन्ही टेक्सासच्या नंबरच्या. म्हणजे कागद दुप्पट. कामामुळे माझं स्पॅनिश बऱ्यापैकी चालतं, म्हणून कचेऱ्यांच्या खिडक्या माझ्याकडे आणि गाड्या सांभाळायचं काम त्याच्याकडे.

मेक्सिको भराभर संपवलं. सुचियाते नदीवर मात्र थांबून बघत राहिलो. आम्ही पुलावर शिक्क्यांच्या रांगेत, आणि खाली टायरच्या ट्यूबांवर फळ्या बांधलेल्या तराफ्यांवरून माणसं, अंड्यांचे ट्रे, पोती, सगळं दिवसाढवळ्या ग्वातेमालाकडे चाललेलं. ग्वातेमालात अँटिग्वाची गर्दी मला मुळीच आवडली नाही. एल साल्वादोरमध्ये मात्र जीव रमला. डॉलर चालतो, गाडीच्या परवान्याला पैसे पडले नाहीत, आणि कुठल्याही गावात संध्याकाळी तव्यावर पुपुसा थापायचा आवाज येतो. आपल्या भाकरीहून जाड, पोटात चीज आणि बीन्सचं सारण, सोबत आंबवलेला कोबी. दोन खाल्ल्या की रात्रीचं जेवण झालं.

मग एल अमातियो आलं.

इथे गोआस्कोरान नदी ही हद्द आहे. अलीकडे एल साल्वादोर, पलीकडे होंडुरास. पुलाच्या कितीतरी आधीपासून रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभे. बाईकला पुढे जाऊ देतात, म्हणून आम्ही त्यांच्या बाजूने सरकत गेलो. गाडी हळू झाली की दोन्ही बाजूंनी पोरं धावत येतात, 'कागद मी करून देतो' म्हणत. यांना त्रामितादोर म्हणतात, आपल्याकडे आरटीओबाहेर बसणारे एजंट असतात तेच हे. बाईकवाले त्यांच्या नावाने फार बोटं मोडतात. मला त्यांचा त्रास झाला नाही. शांतपणे, डोळ्यांत बघून नको म्हटलं की ते मागच्या गाडीकडे जातात.

होंडुरासच्या बाजूला परवाने छापून हातात आले आणि त्याच वेळी झेरॉक्सच्या टपरीवरची वीज गेली. ऊन असं की हेल्मेटला हात लावता येत नव्हता. टपरीतल्या बाईंनी मशीनवर फडकं टाकलं आणि सांगितलं, 'येईल तेव्हा येईल.' बाहेर सावलीचा एक तुकडाही रिकामा नव्हता.

तेवढ्यात एका ट्रेलरखालून आवाज आला, "सेन्योरा, उन्हात कशाला उभ्या राहताय? इकडे या, दोघंही या."

वाकून बघितलं तर ट्रेलरच्या पोटाला दोन्हीकडे दोरी बांधून एक झोळी टांगलेली. निळ्या-पांढऱ्या सुताची, मधोमध ठिगळ लावलेली. त्यात पन्नाशीचा एक ड्रायव्हर पडला होता. उठला, झोळी झटकली आणि मला बसायला दिली. स्वतः एका क्रेटवर बसला. ट्रेलरच्या बाजूला लोखंडी पेटी होती, तिच्यात गॅसची छोटी शेगडी, साखरेची बरणी, चार पेले आणि एका फडक्यात गुंडाळलेली सुरी. त्याने कॉफी टाकली. एवढ्या उकाड्यात कॉफी कशाला, असं मनात आलं, पण त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

तो सान साल्वादोरहून कोस्टा रिकातल्या सान होसेला माल घेऊन निघालेला. रविवारी रात्री इथे पोचला होता, आणि आम्ही भेटलो तो दिवस मंगळवारचा. मालाच्या कागदांत काहीतरी अडलं होतं. "पैसे खेपेचे मिळतात, दिवसाचे नाही," एवढंच म्हणाला. पुढे निकाराग्वाच्या हद्दीवर ग्वासाउलेला पुन्हा रांग, कोस्टा रिकाच्या हद्दीवर पेन्यास ब्लांकासला त्याहून मोठी.

त्याचे वडीलही याच रस्त्यावर ट्रक चालवायचे. जुलै १९६९ मध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात जेमतेम शंभर तासांचं युद्ध झालं. फुटबॉल सामन्यांवरून झालं असं जगभर सांगतात, पण मूळ कारण जमिनीचं आणि होंडुरासमधून हाकललेल्या साल्वादोरी शेतमजुरांचं. त्यानंतर साल्वादोरच्या मालाला होंडुरासची वाट बंद झाली. १९८० मध्ये शांतता करार झाला, तोवर माल फोन्सेकाच्या आखातातून बोटीने थेट निकाराग्वाला जायचा. हद्दीचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. "वडील म्हणायचे, निदान पूल उघडा आहे, कुरकुर करू नको," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला.

मला हसू आलं नाही. या माणसाने आणलेला माल चार देशांतल्या लोकांच्या घरात जातो, आणि त्याला साधं संडास-आंघोळीचं ठिकाण नाही. हद्दीवरच्या दोन तासांबद्दल आम्ही बाईकवाले पानंच्या पानं लिहितो. या रांगेतल्यांचे दिवसच्या दिवस जातात, त्यावर कुणी लिहीत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

वीज आली. झेरॉक्स झाल्या, शेवटचा शिक्का बसला. निघताना आमच्याकडचा सुका मेवा त्याला दिला. त्याने तो घेतला, पण तोंडभर सूचना देऊनच सोडलं: चोलुतेकाच्या पुढे गाई आडव्या येतात, अंधार करू नका.

आणि एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर या बाजूने होंडुरास म्हणजे जेमतेम एकशे तीस-चाळीस किलोमीटर! एक बालेआदा (बीन्स भरलेली गव्हाची पोळी) खाल्ला, दोनदा पाणी प्यायलो, की देश संपला. गाई खरोखरच आडव्या आल्या.

निकाराग्वात लिओन, ग्रानादा, मग रिवासच्या पुढे डावीकडे निकाराग्वा सरोवरात ओमेतेपे बेटाचे दोन ज्वालामुखी आणि रस्त्यालगत पवनचक्क्या. वारा इतका की बाईक तिरकी धरून चालवावी लागते. पेन्यास ब्लांकासच्या अलीकडे पुन्हा ट्रेलरांची रांग लागली. काही झोळ्यांत माणसं झोपलेली, काही नुसत्याच लोंबणाऱ्या. आम्ही शेजारून पुढे गेलो आणि कोस्टा रिकात गाडीचा विमा काढून संध्याकाळच्या आत जेवायला बसलोसुद्धा. तिथल्या सेर्रो दे ला मुएर्ते घाटात तीन हजार मीटरच्या वर थंडीने बोटं आखडली. पासो कानोआसला हद्द म्हणजे दुकानांनी भरलेली गल्लीच आहे, लक्ष नसेल तर शिक्का न घेताच पनामात शिराल.

पनामात यावीसाला रस्ताच संपतो. पुढे दारिएनचं जंगल, रस्ता थेट कोलंबियात पुन्हा सुरू होतो. बाईक तिथवर विमानाने पाठवायच्या की कंटेनरमधून, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ते ठरलं की पुढचं लिहीन.