आधी पाय, मग हात

ड्रमरच्या नशिबात फोटो नसतो. असलाच तर सिंबलच्या, म्हणजे ड्रम्सवरच्या पितळी झांजेच्या मागून डोकावणारं अर्धं कपाळ. म्हणून दादाने जेव्हा ठरवलं की मेम्फिसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत गाडीने जायचं आणि रॉक अँड रोल जन्मला म्हणतात ती ठिकाणं बघायची, तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं, "ड्रमरचं काही आहे का रे तिथे?"

दादा गिटार वाजवतो. म्हणाला, "असेल की कुठेतरी कोपऱ्यात."

सुरुवात मेम्फिसच्या ७०६, युनियन अव्हेन्यूपासून. सन स्टुडिओ. सॅम फिलिप्स या रेकॉर्ड निर्मात्याने जानेवारी १९५० मध्ये सुरू केलेली ही खोली इतकी लहान आहे की आमचा बँड सगळं सामान घेऊन आत शिरला तर कीबोर्डवाल्याला दारात उभं राहावं लागेल. वर पांढऱ्या टाइल्सचं चढउताराचं छत, खाली फरशीवर चिकटपट्टीची फुली. ५ जुलै १९५४ ला 'दॅट्स ऑल राइट' रेकॉर्ड करताना एल्विस प्रेस्ली तिथे उभा होता, म्हणे. लोक रांगेने त्या फुलीवर जात होते, जुना माइक धरत होते, ओठ वाकडा करत होते. चोपन्न वर्षांच्या आमच्या दादानेही केला. फोटो मीच काढला.

पण त्या दिवशी या खोलीत ड्रमर नव्हता. एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बासवर बिल ब्लॅक, एवढीच माणसं. गाण्यात मागे जी टकटक ऐकू येते, ती बिल ब्लॅक बासची जाड तार ओढून फिंगरबोर्डवर आपटतो त्याची. दोन टेपरेकॉर्डर जोडून, आवाज क्षणभर उशिरा परत आणून फिलिप्सने त्यावर तो प्रसिद्ध प्रतिध्वनी चढवला. जॉनी कॅशने याच खोलीत त्याहून कडी केली. ड्रम नाहीत ना, मग गिटारच्या तारांत कागद अडकवला आणि त्या खरखरीला स्नेअरचं, म्हणजे ड्रम्समधल्या खणखणीत छोट्या ड्रमचं काम दिलं. माझ्या बावीस वर्षांच्या मेहनतीला पर्याय काय, तर कागदाचा कपटा!

तो काळच तसा होता. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर ड्रम्स कित्येक वर्षं चालतच नसत. श्रीव्हपोर्टच्या लुइझियाना हेराइड या तशाच कार्यक्रमात डी. जे. फाँटाना वाजवायचा, हाच पुढे एल्विसचा ड्रमर झाला, पण तिथे त्यालाही पडद्यामागे बसवत. म्हणजे अर्धं कपाळसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दादाला एका चर्चमध्ये जायचं होतं, कारण सिस्टर रोझेटा थार्प. आर्कान्सातल्या कॉटन प्लँटला १९१५ मध्ये जन्मलेली ही बाई चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट या पंथात वाढली आणि एल्विसच्या कितीतरी आधी इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीतं गाऊन तिने सभागृहं हलवली. त्या पंथाचं मुख्यालय मेम्फिसलाच आहे. आम्ही गेलो ते चर्च मात्र अगदी साधं, वस्तीतलं. लाल गालिचा, हॅमंड ऑर्गन, आणि पारदर्शक कठड्याच्या आत ड्रम्सवर जेमतेम पंधरा वर्षांचा एक मुलगा. काय वाजवत होता! माझी नजर त्याच्या उजव्या पायावरून हलेना.

गाणं चढलं, सगळे उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. मीही सुरू केल्या. दोन-तीन ओळींनंतर शेजारच्या आजी माझ्याकडे बघायला लागल्या. जांभळी हॅट, हातात खंजिरी, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी खंजिरी खुर्चीवर ठेवली आणि माझं मनगट घट्ट धरलं. "थांब, बाळा. आधी पाय, मग हात."

चार मात्रांतल्या एकवर त्यांनी पाय आपटला. माझा हात हवेत धरूनच ठेवला. दोनवर सोडला. तीनवर पुन्हा पाय. चारवर हात. आठ-दहा आवर्तनं त्यांनी मला असं चालवलं आणि मी घामाघूम झालो. दोन आणि चारवर स्नेअर मारणं हेच तर माझं काम. डावा हात ते झोपेतही करतो. पण नुसते तळवे मोकळे सोडले तर ते आपोआप पहिल्या मात्रेवर पडतात, लहानपणापासून आरतीला पडत आले तसेच. हातात स्टिक असली की मी ड्रमर, नसली की समेवर टाळी वाजवणारा पोरगा. हे मला या वयात, परक्या देशात, एका आजींकडून कळायचं होतं.

ट्युपेलोला एल्विसचं जन्मघर बघितलं. दोन खोल्या, बापाने १८० डॉलर कर्ज काढून बांधलेल्या. त्याच्या आईने जिथून गिटार घेऊन दिली ते हार्डवेअरचं दुकान अजून चालू आहे. दादा तिथे तासभर रमला. मी खिळे बघितले.

मग क्लार्क्सडेल. हायवे ६१ आणि ४९ जिथे मिळतात, त्या चौकात खांबावर मोठ्या निळ्या गिटारी लावल्या आहेत. ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटारविद्या घेतली, ती दंतकथा या चौकाला चिकटली आहे. सैतानही गिटारवाल्यांशीच सौदा करतो, ड्रमरला कुणी विचारत नाही. तिथून जवळच रिव्हरसाइड हॉटेल. पूर्वी ते कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३७ मध्ये अपघातानंतर तिथेच वारली. पुढे हॉटेल झाल्यावर संगीतकार आईक टर्नर तिथे राहायचा.

मार्च १९५१ मध्ये टर्नरचा बँड याच हायवेवरून मेम्फिसला, त्याच युनियन अव्हेन्यूवरच्या खोलीत 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड करायला गेला. वाटेत गिटारचा अँप्लिफायर बिघडला. कुणी सांगतं गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. स्पीकर फाटलेला, त्यात कागद कोंबून वाजवला तर आवाज घोगरा, चिरका यायला लागला. फिलिप्सला तोच आवडला. रेकॉर्डवर नाव लागलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं, टर्नरचं नाही. दादाच्या मते रॉक अँड रोलचा जन्म तो हाच, त्या फाटक्या स्पीकरमधला.

त्यावर आम्ही पुढचे साडेतीनशे मैल भांडलो. भाड्याच्या गाडीचा एसी दुपारीच गेला होता, काचा उघड्या, त्यामुळे भांडणही ओरडूनच. माझं म्हणणं, आवाज घोगरा असो की गोड, तो गाणं पुढे ढकलत नाही. ढकलतो तो बॅकबीट, म्हणजे दोन आणि चारवरचा ठोका. आणि बॅकबीट बघायला न्यू ऑर्लिन्सलाच जावं लागतं.

नॉर्थ रॅम्पार्ट आणि ड्युमेन रस्त्यांचा कोपरा. कोझिमो मटासाचं जे अँड एम म्युझिक शॉप, मागच्या बाजूला स्टुडिओ. नंतर त्या जागेत लाँड्रीही येऊन गेली. भिंतीवर पाटी आहे, पण मला आवडला तो उंबरा: दुकानाचं नाव अजून पायाखालच्या फरशीत आहे. १० डिसेंबर १९४९ ला इथे पियानोवादक-गायक फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' रेकॉर्ड झालं. 'रॉकेट ८८'च्या सव्वा वर्ष आधी, दादा! ड्रम्सवर अर्ल पामर. जुन्या न्यू ऑर्लिन्स जॅझमध्ये दोन-चारवरचा तो ठोका गाणं शिगेला पोचल्यावर, शेवटच्या फेरीत यायचा. पामरने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवला. जेवणाच्या शेवटी वाढायचं पक्वान्न त्याने पहिल्या घासालाच वाढलं.

सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्ड हा गायक याच खोलीत 'टुटी फ्रुटी' गायला. त्याचा उजवा हात पियानोवर सरळ आठ ठोके कुटायचा. त्याच्याशी जुळवून घेता घेता पामरची शफल, म्हणजे झुलत्या चालीचा ठेका, सरळ होत गेली, असं पामरनेच सांगितलं आहे. आज जगातला प्रत्येक नवशिका ड्रमर पहिल्या आठवड्यात जो ठेका शिकतो, तो तिथून आलाय. आणि हा पामर लहानपणी काय करायचा? टॅप डान्स. आधी पाय.

मी उंबऱ्यावरच बसलो. फोनवर 'द फॅट मॅन' लावलं. रेकॉर्डिंग जुनं, ड्रम्स लांब, पियानोच्या मागे दबलेले. पण दोन आणि चार कान देऊन ऐकलं की येतातच. पाय, हात. पाय, हात. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती न थांबता दोनवर मान हलवून गेली.

"चल, पार्किंगची मुदत संपायला चार मिनिटं उरलीत," दादा म्हणाला. पण तोही टेकलाच शेजारी. गाण्यात फॅट्स तोंडाने ट्रम्पेटसारखा आवाज काढतो तिथे हसला, आणि टाळ्या वाजवायला लागला. एकवर. तीनवर.

मी त्याचं मनगट धरलं.