थेंबागणिक एक सुळका

सलाईनचा सेट मागितला तेव्हा मेडिकलवाल्या काकांनी काळजीनं विचारलं, "घरी कोण आजारी आहे का?" प्रोजेक्टला हवाय म्हटल्यावर त्यांची नजरच बदलली. पण एकसारखे थेंब पाडायला त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. चाक फिरवलं की वेग कमी-जास्त होतो, आणि २० थेंब म्हणजे १ मिली असं पाकिटावरच छापलेलं असतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा हा प्रोजेक्ट. विषय मीच गळ्यात घालून घेतला होता: पडणाऱ्या थेंबांपासून वीज. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाचं २०२० मधलं काम वाचलं होतं: १०० मायक्रोलिटरचा एक थेंब, १५ सेंटिमीटरवरून पडला की १४० व्होल्टच्या वर दाब आणि शंभर छोटे एलईडी पेटतात. कोकणातल्या माणसानं हे वाचलं की त्याला पागोळ्याच दिसायला लागतात. मलाही दिसल्या.

तत्त्व साधं आहे. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो, तोच खेळ. पाणी लागलं की टेफ्लॉनवर, म्हणजे नॉनस्टिक तव्याच्या लेपावर, विजेचा ऋण भार बसतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. टेफ्लॉनच्या पाठीला धातूचा थर, वरच्या बाजूला तांब्याची बारीक पट्टी. थेंब आपटतो, पसरतो, पसरता पसरता पट्टीला टेकतो आणि तेवढ्यापुरतं सर्किट पूर्ण होऊन भार झटक्यात सरकतो. थेंब ओघळून गेला की सर्किट तुटलं.

हार्डवेअरच्या दुकानात टेफ्लॉन टेप मागितली तर नळाला गुंडाळायची पांढरी टेप मिळाली. ती हात लावला की ताणते, सुरकुतते. आठवडा त्यात गेला. शेवटी पिशव्या सील करायच्या मशिनला लावतात ती तपकिरी, मागून चिकट टेप आणली. तिच्यामागे ॲल्युमिनियम फॉईल, खाली काच, सगळं ४५ अंशांत तिरपं. थेंब सुरू केले, मल्टिमीटर लावला. शून्य. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा घेतो आणि आमचा झटका दीडेक मिलिसेकंदाचा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मग सीआरओ, म्हणजे बदलता व्होल्टेज पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, लावला आणि पडद्यावर सुरेख लाट उमटली! मी आणि पार्टनर नाचायचेच बाकी होतो. सर आले, बघितलं, म्हणाले, "थेंब बंद करा बघू." केले. लाट तशीच. "आता एका लाटेला किती वेळ लागतो ते मोजा." २० मिलिसेकंद. म्हणजे ५० हर्ट्झ. भिंतीतल्या वायरिंगची वीज आमच्या उघड्या वायरींनी पकडली होती. दुसऱ्या दिवशी वायरी आखडल्या, जाळीदार आवरणाची केबल घेतली, बिस्किटांच्या डब्याचं झाकण अर्थिंगला जोडून आडोसा केला.

तरी थेंबाच्या झटक्याचा सुळका पडद्यावर दिसेना, कारण जुलै होता. काचेवर, टेपच्या कडेवर ओलाव्याचा पातळ पडदा, आणि बसलेला भार त्यावरून निसटून जायचा. पार्टनरनं घरून हेअर ड्रायर आणला. तो फिरवला, कोरड्या सुती कापडानं टेफ्लॉन घासलं, पट्टी दोन मिलिमीटर खाली सरकवली. टप्. ३४ व्होल्टचा टोकदार सुळका. पुढचा थेंब, पुढचा सुळका. चाक जास्त सोडलं की मात्र पट्टीवर पाण्याचा थरच राहायचा, सर्किट तुटायचंच नाही आणि सगळं सपाट. सेकंदाला तीन थेंब, त्यापुढे नाही.

यानंतर डोकं ठिकाणावर आलं. एका थेंबामागे साधारण पाच नॅनोकुलोम, इतकाच भार. हा भार कपॅसिटरमध्ये, म्हणजे भार साठवायच्या सुट्या भागात, साठवायला गेलो तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर भरण्याआधीच गळत होता. १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टरवाला लावला, मग चारशे थेंबांनी कसेबसे दोन व्होल्ट. ते बघायला मीटर टेकवला की मीटरच भार पिऊन टाकायचा, आकडा डोळ्यांदेखत उतरायचा. शंभर एलईडींचं गुपितही तेव्हा कळलं. ते एकापुढे एक जोडायचे असतात, कारण दाब भरपूर असतो, प्रवाह नावाला. आम्ही बारा जोडले, खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि थेंबागणिक ते अंधारात लुकलुकले. पार्टनर काही बोलली नाही, मीही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "यावर मोबाईल चार्ज होईल?" गणित तयार होतं. ४००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ५५ हजार ज्यूल. १५ सेंटिमीटरवरून पडणाऱ्या पाण्यातली सगळीच्या सगळी ऊर्जा पकडली तरी ३७ हजार लिटर पाणी लागेल. हाँगकाँगच्या उपकरणानं तिच्यातले दोन टक्के, किंचित वर, पकडले होते. त्या हिशेबानं दहा हजार लिटरचे पावणेदोनशेच्या आसपास टँकर. सर हसले. "मग हे करायचं काय?"

मोजायचं. प्रत्येक थेंब स्वतःच आपली खूण देतो, सेन्सरला बॅटरी लागत नाही. सलाईनच्या थेंबांची नोंद ठेवायला हे चालेल असं आम्ही सुचवलं होतं, आणि अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, जोडून ५०० मिलीची बाटली मोजूनही पाहिली होती. हिशेबानं दहा हजार थेंब, तासाभराचा मामला. आमचा आकडा ६,२१८ वर थांबला. त्या सुमारास लॅबची लाईट गेली होती, आणि अर्डुइनो भिंतीतल्या विजेवर चालत होता.