दोन चढायांच्या मधे

कबड्डीच्या सरावाला माझ्या हातात स्टॉपवॉच बघून पालकांना वाटतं, मी चढाईची वेळ मोजते. चढाईचे ३० सेकंद मोजायला सामन्यात माणसं नेमलेली असतात. मी मोजते तो दोन चढायांमधला वेळ. मुलगी परत येऊन मध्यरेषा ओलांडते तिथे बटण दाबायचं, ती पुन्हा निघाली की थांबवायचं आणि वहीत आकडा लिहायचा. कोणी किती गुण आणले ते मुलींना तोंडपाठ असतंच, ते मी लिहीत बसत नाही.

या आकड्यापायी अण्णांचं आणि माझं पटत नाही. अण्णा आमच्या भागातले जुने प्रशिक्षक, मीही त्यांच्याच हाताखाली खेळले. त्यांचा सराव म्हणजे आधी मैदानाला फेऱ्या, अंग घामाने निथळलं की मग कबड्डी. अजूनही संध्याकाळी ते कट्ट्यावर येऊन बसतात आणि मुली उभ्या दिसल्या की तिथूनच ओरडतात, "अगं, पोरी नुसत्या हुब्या का केल्यास? पळीव की त्यांना!" दुसरीकडे मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार झालेली नवी प्रशिक्षक मंडळी आहेत. त्यांच्या मते लांब पळणं कबड्डीला विषासारखं, पाय जड होतात, नुसते स्प्रिंट मारा. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण कारणं मात्र दोघांचीही पटत नाहीत.

चढाई ३० सेकंदांची असली तरी पूर्ण ३० सेकंद जोर कोणीच लावत नाही. आधी मुलगी इकडून तिकडे सरकते, कोपऱ्यातली बचावपटू किती पुढे येते ते जोखते, चढाईत एकदा तरी ओलांडावी लागते ती निदान रेषा ओलांडते, जमलं तर बोनस रेषेचा जादा गुण बघते. मग एका क्षणी हात जातो किंवा पाय जातो, आणि तिथून परत येईपर्यंत जे घडतं ते सगळं पाच-सात सेकंदांत उरकतं. पकड बसली तर तीन-चार जणींना अंगावर घेऊन मध्यरेषेकडे झेपावायचं, तेही तेवढ्याच वेळात. खेळाचा निकाल या पाच-सात सेकंदांवर लागतो, म्हणून त्या वेळात इंधन कुठून येतं ते आधी बघू.

स्नायू आकुंचन पावायला एकच गोष्ट चालते, एटीपी नावाचं ऊर्जा देणारं रसायन. भाकरी, केळं, तूप काहीही खाल्लं तरी शेवटी त्याचं एटीपी करूनच स्नायूला द्यावं लागतं. गंमत म्हणजे शरीर त्याचा साठा करत नाही. सगळ्या अंगात मिळून ते जेमतेम ५०-१०० ग्रॅम असतं. जोर लावला तर स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल इतकंच. तरी दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो, कारण तेच रेणू मोडतात आणि पुन्हा जोडले जातात. जोडण्याचे मार्ग तीन. खेळाडूचा सगळा सराव म्हणजे या तीन मार्गांशी केलेली खटपट.

सगळ्यात झटपट मार्ग फॉस्फोक्रिएटिनचा. हा पदार्थ स्नायूतच, एटीपीच्या शेजारीच असतो आणि एटीपी मोडलं की आपला फॉस्फेट देऊन ते लगेच परत जोडतो. ना ऑक्सिजन लागतो, ना साखर. पण पूर्ण जोरात हा साठा साधारण दहा सेकंदांत उतरतो. हा पदार्थ १९२७ मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांमध्ये एक भारतीय होते: आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी हे काम केलं, आणि १९२९ मध्ये याच दोघांनी एटीपीही शोधलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं होतं. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांना फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीमुळे फिस्के-सुब्बाराव ही जोडी माहीत असते. शारीरिक शिक्षणाच्या आमच्या अभ्यासक्रमात फॉस्फोक्रिएटिन होतं, सुब्बाराव नव्हते. मी मुलींना मुद्दाम सांगते.

दुसरा मार्ग ग्लायकोजेन फोडण्याचा. स्नायूत साठवलेली साखर ऑक्सिजनची वाट न बघता अर्धवट जाळायची. ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ दोन एटीपी मिळतात, ग्लायकोजेनमधून आली असेल तर तीन, पण मिळतात पटापट. याचं उरलेलं म्हणजे लॅक्टेट. तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. त्यात तोच रेणू पूर्ण जळतो आणि तीसेक एटीपी देतो. चरबीही इथेच जळते. हा मार्ग संथ आहे, हृदय आणि फुप्फुसं पूर्ण वेगाला यायला मिनिट-दोन मिनिटं जातात, पण एकदा चालू झाला की तासन्‌तास चालतो. तिन्ही मार्ग पहिल्या सेकंदापासून एकदम सुरूच असतात, पुस्तकातल्या तक्त्यासारखे एक संपला की दुसरा असे येत नाहीत. फक्त कोणाचा वाटा किती ते बदलतं. सलग जोर लावला तर साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास ऑक्सिजनचा वाटा निम्म्यावर येतो.

आता इथे कबड्डीवाले हमखास एक गल्लत करतात. चढाईत 'कबड्डी कबड्डी' एका दमात म्हणायचं असतं, श्वास घेता येत नाही, म्हणून हा बिनऑक्सिजनचा खेळ, असं सांगतात. एका शिबिरात मी हे भर व्यासपीठावरून ऐकलंय. श्वासाचा इथे संबंधच नाही. चढाईत मनसोक्त श्वास घ्यायची परवानगी दिली तरी शेवटच्या पाच-सात सेकंदांतला मोठा वाटा फॉस्फोक्रिएटिन आणि ग्लायकोजेनचाच राहील. शंभर मीटर पळणाऱ्याचं नाक कोणी बंद केलेलं नसतं, तरी त्याचं तेच होतं.

ऑक्सिजनचं खरं काम चढाई संपल्यावर सुरू होतं. फॉस्फोक्रिएटिन मोडताना ऑक्सिजन लागत नाही, पण पुन्हा भरताना लागतो. हा साठा म्हणजे छपरावरची छोटी टाकी: नळ सोडला की धडाधड रिकामी होते, आणि खालची मोटर, म्हणजे ऑक्सिजनचा मार्ग, ती सावकाश भरत राहते. टाकी सगळ्यांची साधारण सारखीच. फरक पडतो मोटरमध्ये. अण्णांच्या फेऱ्यांनी चढाई एका इंचाने वेगवान होत नाही, पण मोटर चांगली होते. नव्या पोरांच्या स्प्रिंटने टाकी आणि नळ सुधारतो. मधला भरायचा वेळ कोणीच मोजत नाही.

भरण्याचा वेग साधारण असा असतो: पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मा साठा परत येतो, पुढच्या अर्ध्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा, असं करत पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. अंगात लॅक्टेट आणि आम्ल वाढलेलं असेल तर याहूनही हळू. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. सायकलवर सहा सेकंदांचे दहा स्प्रिंट, मधे ३० सेकंद विश्रांती, आणि आधी-नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासणी. पहिल्या स्प्रिंटमध्ये निम्मी ऊर्जा फॉस्फोक्रिएटिनची आणि ४४ टक्के ग्लायकोजेन फोडून आलेली. दहाव्यात ग्लायकोजेनचा वाटा १६ टक्क्यांवर आला, आणि ताकद मात्र पहिल्याच्या पाऊण पटीच्या जवळपास टिकून होती. म्हणजे शेवटी शेवटी खेळाडू तरला तो मधल्या ३० सेकंदांत जेवढं फॉस्फोक्रिएटिन परत भरलं त्याच्यावर, आणि वाढत गेलेल्या ऑक्सिजनच्या मदतीवर. माझ्या वहीतल्या आकड्यांचा अर्थ मला हा प्रयोग वाचल्यावर लागला.

हे कबड्डीला लावून बघा. दोन्ही संघांच्या चढाया आलटून पालटून, म्हणजे आपल्या संघाची चढाई साधारण मिनिटाला एक. एकच मुलगी प्रत्येक वेळी गेली तर तिला मधे अर्धं मिनिट मिळतं, तेही बचावात उभं राहून, साखळीत हात धरून. टाकी अर्धीच भरते, पुढच्या वेळी त्यातलीही जाते. एकाआड एक चढाई दुसरीला दिली तर मधे दीड मिनिट मिळतं. शाळकरी संघांमध्ये एक तगडी मुलगी सापडली की पूर्वार्धभर तीच पळते आणि उत्तरार्धात अचानक 'घाबरते'. ती घाबरलेली नसते. मी दुसरी चढाईपटू तयार करते ती पहिलीला मोकळं सोडण्यासाठी, तिच्याकडून गुण आले नाहीत तरी चालेल. टाइमआउट चर्चेसाठी वापरण्याआधी मी विचार करते की आता माझी मुख्य चढाईपटू आत आहे की बाहेर. बाद होऊन बसलेली खेळाडू दोन-तीन चढायांनंतर आत येते तेव्हा मैदानावरची सगळ्यात भरलेली टाकी तिचीच असते, पण बहुतेक वेळा ती नुकतीच बाद झाली म्हणून तिला लगेच पाठवत नाहीत. मी पाठवते.

सरावही त्याच हिशोबाने. सहा-सात सेकंद पूर्ण जोर, मग अर्धं मिनिट चालणं, पुन्हा जोर. जोर घसरला की त्या दिवशीचा तो भाग संपला. घसरलेल्या पायांनी आणखी दहा वेळा पळून चपळाई येत नाही, गुडघे मात्र जातात. आठवड्यातून दोनदा तीन-चार मिनिटांच्या लांब धावा, म्हणजे बोलता येणार नाही इतक्या वेगाने पळणं, तेवढीच विश्रांती, पुन्हा. हे मोटरसाठी. आणि एक दिवस गप्पा मारत वीस-पंचवीस मिनिटं पळणं. त्या दिवशी अण्णा खूश असतात.

मोटरचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्याकडे एक मुलगी आहे, नववीतली, पाय विजेसारखा. तिच्या आकड्यांत विचित्र गोष्ट दिसायची. पहिल्या दोन चढाया संघात सगळ्यात वेगवान, तिसरीपासून एकदम मंद. मधला वेळ वाढवला तरी फार फरक नाही. आळशी आहे, मन नाही, असं सगळे म्हणायचे. मी तिच्या आईला घेऊन रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेनऊ. या वयाच्या मुलींमध्ये १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, म्हणजे बाराच्या तुलनेत तिच्या रक्तात ऑक्सिजन पाचव्या हिश्श्याने कमी. टाकी धडधाकट, म्हणून पहिल्या चढाया झकास. भरणारी मोटरच अर्ध्या विजेवर. डॉक्टरांनी जंताची गोळी आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. आता तिची पाचवी चढाई पहिल्याच्या जवळ येते.

ही एकटीची गोष्ट असती तर लिहिली नसती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या भारतातल्या ५९ टक्के मुली अ‍ॅनिमियाच्या निघाल्या. म्हणजे सात जणींच्या संघात हिशोबाने चौघी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिशात ठेवतात आणि गटारात टाकतात, कारण मळमळतं. माझ्या मुली ती माझ्यासमोर, जेवल्यावर घेतात. यावर मी जरा हिटलर आहे असं त्यांचं म्हणणं आहे, असू दे. कोणी मला नवं ड्रिल विचारलं तर मी आधी विचारते, हिमोग्लोबिन तपासलं का?

लॅक्टिक अ‍ॅसिडबद्दल, म्हणजे वर आलेल्या लॅक्टेटबद्दल, दोन वाक्यं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या त्याने नाही. ते तासाभरात निघून गेलेलं असतं, उलट हृदय आणि इतर स्नायू त्याचंच इंधन करून वापरतात. दुखणं येतं स्नायूंना बसलेल्या बारीक इजेने, विशेषतः थांबताना आणि वाकून पकड रोखताना, म्हणून 'लॅक्टिक काढायला' मालीश करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

राहिलं खाणं. रात्रभरात यकृतातली साखर बरीच उतरते, स्नायूतली तशीच असते. त्यामुळे सकाळी सहाला रिकाम्या पोटी आलेली मुलगी पहिला अर्धा तास ठीक खेळते, मग चक्कर येते असं म्हणते. एक केळं किंवा गुळाबरोबर अर्धी भाकरी खाऊन आली तर हे होत नाही. सामन्याच्या आधी पाच मिनिटं ग्लुकोजची पावडर चाटायची प्रथा सगळीकडे आहे. आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चमचाभर, चार-पाच ग्रॅम, आणि चढाईचा जोर ज्या फॉस्फोक्रिएटिनवर चालतो त्याला साखर लागतच नाही. चाटायची तर चाटा, गोड लागते. उपयोग होतो तो एका दिवसात दोन-तीन सामने असतात तेव्हा: सामना संपल्या संपल्या केळी, चिक्की, दहीभात, जेणेकरून पुढच्या सामन्यापर्यंत ग्लायकोजेन थोडंफार भरेल. वडापाव मधे नको, तेलाने पोटात तासन्‌तास बसून राहतो. तो शेवटचा सामना झाल्यावर, हरलो तरी जिंकलो तरी. आणि चहा जेवणाबरोबर नाही, तासाभराने, कारण चहा लोह शोषू देत नाही. जेवणात लिंबू पिळा.

काही पालक हल्ली क्रिएटिनची, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन ज्यापासून बनतं त्याची, पावडर द्यायची का विचारतात. मोठ्या खेळाडूंना तिचा फायदा होतो, हे खरं आहे, खासकरून मांस न खाणाऱ्यांना, कारण त्यांचा साठा मुळात थोडा कमी असतो. चौदा वर्षांच्या मुलीला मी देत नाही. त्या डब्याच्या पैशात महिनाभर रोज अंडी आणि दूध येतं, आणि वर रक्ताची तपासणीही होते.